ऐकू येतं, पण कळत नाही!

लग्नाच्या गोंगाटात आजी तिसऱ्यांदा विचारते, "काय म्हणालास?" आणि आपण वैतागतो, "काही नाही गं, जाऊ दे." आजचा एपिसोड या 'जाऊ दे'बद्दल.

साल १८७४. कार्ल वेर्निके हा अवघ्या २६ वर्षांचा जर्मन डॉक्टर. त्याने दाखवलं, की डाव्या कानामागच्या बाजूला मेंदूचा एक भाग बिघडला, तर आवाज ऐकू येतो, पण शब्दांचा अर्थच लागत नाही. म्हणजे कान ठीक, गडबड मेंदूत!

पुढे १८९२ मध्ये प्रागच्या आर्नोल्ड पिकने म्हातारपणी भाषा हरवलेल्या एका रुग्णाची केस मांडली. मृत्यूनंतर मेंदू पाहिला, तर हाच डावा भाग आक्रसलेला. स्मृतिभ्रंश फक्त आठवणी नाही, ऐकलेल्या शब्दांचा अर्थही पुसू शकतो, हे तेव्हा दिसलं.

मग कान आणि मेंदूचा संबंध उलटाही असेल का? वयानुसार कानातल्या नाजूक पेशी मरतात, अर्धवट आवाज जुळवताना मेंदू दमतो, माणूस गप्पांतून उठून जातो. २०२० च्या 'लॅन्सेट' अहवालाने कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा एक धोका मानला. अर्थात, कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतोच, असं मुळीच नाही.

म्हणून आज एवढंच करा. टीव्ही बंद करा, आजीसमोर बसा, सावकाश बोला. कान तपासायलाही घेऊन जा. आणि 'जाऊ दे' म्हणू नका.