कांस्यातील काळ आणि 'भरणे' हे क्रियापद

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात काळाची दोन मापे एकत्र नांदतात. घड्याळ दिवसाचे 24 समान तास पाडते. भरतीची वेळ मात्र दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरते. पौर्णिमा-अमावास्येस उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळ्यांचे कालमापन पाण्यावरच आधारलेले आहे.

अचल यंत्र व वाहता काळ यांतील हाच विरोध अतिवास्तववादी कलेत साल्वादोर दाली (1904–1989) याने प्रतीकरूपाने मांडला. 1931 च्या चित्रात त्याने मऊ पडून ओघळणारी घड्याळे रंगविली. पुढे, 1977 मध्ये कल्पिलेल्या 'काळाची पार्श्वमुद्रा' या शिल्पात तेच घड्याळ कांस्यात अवतरले. माध्यमबदलाने प्रतीकाचा अर्थ गहिरा झाला. कांस्यमूर्ती मेणावरून ओततात. मेण वितळून निघून जाते व त्याच्या रिकाम्या जागी धातू शिरतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात वर्णिलेले मधूच्छिष्टविधान ते हेच. दालीच्या शिल्पात ओघळणे भासमान आहे. ओतकामात मात्र ते प्रत्यक्ष घडून गेलेले असते.

मराठी वाचकास धातू व काळ यांचे हे साहचर्य सर्वस्वी नवे नाही. 'घटिका' हा शब्द 'घट' या शब्दापासून झाला. 'तास' हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ वाटी अथवा पेला. हिंदीत 'घडियाल' म्हणजे ठोके देण्याची कांस्याची थाळीही होय. यंत्र येण्यापूर्वी आपला काळ भांड्यात राहत असे. तळाशी छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडीत. ते 24 मिनिटांत भरून बुडे, आणि एक घटका पुरी होई. म्हणूनच मरणासन्न मनुष्याविषयी आपण 'घटका भरली' असे म्हणतो.

येथे दोन्ही प्रतीकांतील भेद स्पष्ट होतो. दालीचे घड्याळ मऊ पडते तेव्हा कालमापनच निरर्थक ठरते. घटिकापात्राचे बुडणे हेच मात्र त्याचे मापन होय. ते बुडाले नाही, तर काळ मोजलाच गेला नाही. पहिल्यात माप काळापुढे हार खाते, दुसऱ्यात ते काळाला स्वतःत येऊ देते. पाश्चात्त्य प्रतीकाचा अर्थ लावताना आपल्या भाषेतील हा अनुभव बाजूस सारणे इष्ट नव्हे. घटका भरते आणि मिरकरवाड्यास भरती येते. दोन्हींच्या मुळाशी क्रियापद एकच आहे.