तीन महिन्यांचा पाहुणा: यजमान कुटुंबांचा न लिहिलेला इतिहास

तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आपल्याकडे पाहुण्याबद्दल म्हणतात. आज ज्या पाहुण्यांबद्दल बोलायचंय, ते तीन-तीन महिने राहतात, कधी कधी दोन वर्षंसुद्धा. परक्या देशात, परक्या घरात. आणि गंमत म्हणजे ते आलेले असतात त्या देशाला मदत करायला! परदेशी स्वयंसेवकाला घरात ठेवून घ्यायची ही पद्धत आली कुठून, ते आज पाहूया.

सुरुवात १९३२ पासून करू. डोनाल्ड वॉट या अमेरिकी गृहस्थांनी ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांतली मुलं एकत्र राहिली तर एकमेकांना समजून घेतील, एवढीच कल्पना. पहिल्या वर्षी भर कॅम्पवर होता. पण कॅम्पमध्ये काय होतं, आपापल्या भाषेची मुलं आपापला घोळका करून बसतात. मग मुलांना थेट कुटुंबांमध्ये ठेवायला सुरुवात झाली. घरात घोळका कुणाचा करणार? साधं मीठ हवं असलं तरी समोरच्याच्या भाषेत मागावं लागतं.

१९३४ मध्ये याच उपक्रमातून एक तरुण जर्मनीला गेला होता. त्याचं नाव सार्जंट श्रायव्हर. पुढे हे श्रायव्हर जॉन केनेडींचे मेहुणे झाले. १ मार्च १९६१ रोजी केनेडींनी ‘पीस कोअर’ ही सरकारी स्वयंसेवक संस्था स्थापन केली, तेव्हा तिचे पहिले संचालकही तेच.

पण सुरुवातीला बरंचसं प्रशिक्षण अमेरिकेतल्या विद्यापीठांतच व्हायचं. आणि पहिल्याच वर्षी ठेच लागली. ऑक्टोबर १९६१, नायजेरियातलं इबादान शहर. विद्यापीठात राहून शिकणाऱ्या एका स्वयंसेविकेनं पोस्टकार्ड लिहिलं. लोक किती मागास स्थितीत राहतात, सगळं कसं रस्त्यावरच चालतं, असा मजकूर. कार्ड पेटीत पडायच्या आधीच तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं. निदर्शनं झाली, आणि तिला परत जावं लागलं.

आता या एका प्रकरणामुळे लगेच धोरण बदललं, असं मी म्हणणार नाही. पण मला यात एक गोष्ट दिसते. रस्त्यावरून चालताना जे दिसलं, तेच कार्डावर उतरलं. त्या रस्त्यावरच्या एखाद्या घरात ती जेवली असती, तर कदाचित तोच मजकूर वेगळा झाला असता. पुढच्या काळात प्रशिक्षण हळूहळू त्या त्या देशात गेलं आणि यजमान कुटुंब हा त्याचा नेहमीचा भाग झाला.

या घरातला दिवस कसा असतो? सकाळी बादलीभर पाण्यात अंघोळ, मग भाषेचा वर्ग, संध्याकाळी घरी येऊन तीच भाषा पोरांसमोर अडखळत बोलायची. पोरं हसतात आणि चूक सुधारतात. पदवी घेऊन आलेला माणूस इथे चार वर्षांच्या मुलासारखा होतो. कुठे चाललीस, कधी येणार, एवढंच का जेवलीस? ज्यांना मदत करायची, तेच आधी याला सांभाळतात. हा उलटा व्यवहारच या पद्धतीचा गाभा आहे, असं मला वाटतं.

संस्था कुटुंबाला राहण्याजेवणाचे पैसे देते, हे खरं. पण पाणी उकळणं, एक ताट वाढवणं, आजारपण काढणं हे बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. तिचा इतिहास मात्र कुठे सापडत नाही. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअरमधून मुंबईत विक्रोळीला आल्या, १९६६ ते १९६८ तिथे राहिल्या. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. पण शेजारपाजारच्या बायकांना त्या कशा वाटल्या, याचं असं पुस्तक नाही. जगभर हेच घडलं. पाहुण्याची पत्रं उरली, यजमानीणबाईंचं म्हणणं हवेत विरलं.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पीस कोअरनं जगभरातले सगळे स्वयंसेवक, जवळजवळ सात हजार, परत बोलावले. स्थापनेपासून असं पहिल्यांदाच झालं. अनेकांना सामान भरायला जेमतेम एखादा दिवस मिळाला. त्यावर स्वयंसेवकांनी भरपूर लिहिलं. पण ज्या घरातली एक खोली अचानक रिकामी झाली, त्या घराची बाजू?

तर मंडळी, तुमच्या घरात, गावात कधी असा परदेशी पाहुणा राहिला असेल, तर घरातल्या मोठ्या माणसांना आजच विचारा. त्या काय म्हणाल्या, काय रांधलं, कशावरून हसू आलं. आणि ते लिहून ठेवा. भेटूया पुढच्या भागात.