धुराड्यातून परत आणलेली शक्ती

सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ५४ मिलिमीटर आणि असे दोन सिलिंडर. वर्गात हे गणित जरूर घालावे. उत्तर येते ३४७ घन सेंटिमीटर. यामाहाची १९७३ सालची 'आरडी ३५०' ती हीच. मिनिटाला ७५०० फेरे घेताना हे इंजिन ३९ अश्वशक्ती देई. जवळजवळ तेवढ्याच आकारमानाची आपली बुलेट त्या काळी १८ अश्वशक्तीवर समाधानी होती.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना. म्हणजे शक्ती दुप्पट? तसे होत नाही. धूर बाहेर जाण्याची वाट उघडी असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले बरेचसे न जळताच निसटते.

यावरचा उपाय पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्यातल्या वाल्टर काडेन यांनी तडीस नेला. धूर सुटताना दाबाची लहर नळीतून धावते. नळी रुंदावत गेली की उलट लहर परतते आणि सिलिंडरमधला धूर ओढून घेते. पुढे नळी निमुळती झाली की दाबाची लहर परतते आणि निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. उघड्या व बंद नळीतील ध्वनीचे परावर्तन आपण शिकवतो, तेच हे! १९६१ साली काडेन यांचे १२५ सीसीचे इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देत होते. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ साली सुझुकीने ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवले. काडेन मागेच राहिले. हा हिशेब आम्हाला अजूनही खटकतो.

मात्र लहरीची वेळ ठरावीक वेगालाच जुळते. हळू चालताना मिश्रण कार्ब्युरेटरकडे उलटेही वाहते. म्हणून आरडीत रीड व्हॉल्व्ह बसवले होते. बाजाच्या पेटीतल्या पत्तीसारख्या या पातळ पत्त्या आत येणाऱ्याला वाट देतात आणि परतणाऱ्याला अडवतात.

एस्कॉर्ट्सने १९८३पासून ही गाडी 'राजदूत ३५०' म्हणून भारतात बनवली. शक्ती सुमारे ३० अश्वशक्तीवर आणली होती आणि पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला होता. पेट्रोल मात्र ती भरपूर पीत असे, आणि मायलेज विचारणाऱ्या आपल्या बाजारात १९९०च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.