मृत्यूनंतरचे पैसे : नॉमिनी कोण, वारस कोण?

घरातला कमावता माणूस गेला की पुण्यानुमोदनाची तारीख लगेच ठरते, कागदांचे ‘नंतर बघू’ म्हणतात. डोंगरी-उत्तन पट्ट्यात काम करताना हे ‘नंतर’ किती महाग पडते ते मी पाहिले आहे. एक ताई नवरा गेल्यावर सहा महिन्यांनी भेटल्या. त्याच्या पीएफला नॉमिनी दीर होता, म्हणून आपला हक्कच नाही असे धरून त्या गप्प बसल्या होत्या.

हक्क होता. पीएफमध्ये अविवाहित असताना भावाला नॉमिनी केले, तरी लग्न होताच ते नामांकन रद्द ठरते. नवे केले नसेल तर रक्कम कुटुंबातल्या पात्र सदस्यांना समान वाट्याने मिळते. पीएफला जोडलेल्या विम्याचे कमाल ७ लाख रुपये असतात, तेही मागावे लागतात. ठेकेदाराकडच्या कामगाराचा पीएफ कापला जात असेल तर हे सगळे त्यालाही लागू आहे.

बँकेत उलटे. तिथे नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच राहतात. वारस ठरतात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. तो बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्या अनेक कार्यकर्त्यांना ऐकायला आवडत नाही, पण कायदा तसाच आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. लग्न झालेली मुलगीही त्यात आली. यांपैकी कुणीही असेल तर वडिलांना वाटा नाही. पहिले लग्न कायम असताना केलेली दुसरी पत्नी वारस ठरत नाही, तिची मुले मात्र वडिलांच्या मालमत्तेत वारस असतात. विहारात लागलेले लग्न महापालिकेत नोंदवले नसेल, तर पहिल्या पत्नीलाही ‘मीच पत्नी’ हे सिद्ध करत फिरावे लागते.

सरकारी मदतीत नॉमिनी नसतोच. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील घरातली १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती गेली, तर कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. रक्कम तुटपुंजी आहे, पण सोडू नये.

गटार किंवा मैल्याच्या टाकीत मृत्यू झाला तर मात्र लढाई मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख ठरवले, २० ऑक्टोबर २०२३ ला ते ३० लाख केले. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारलाच प्रत्येकी १० लाख द्यायला सांगितले. सरकारने ते जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावेत. मीरा-भाईंदरसारख्या सोसायट्यांच्या शहरात हा निकाल खिशात ठेवण्यासारखा आहे. ‘काम खासगी होते’ म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत. ठेकेदार लाख-सव्वा लाख देऊन कोऱ्या कागदावर सही मागतो, ती देऊ नका.

ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात खून झाला असेल तर २०१६ च्या नियमांनुसार ८ लाख २५ हजार : निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. विधवा किंवा अवलंबितांना महिना ५,००० मूळ पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. यासाठी जातीचा दाखला लागतो. धर्म बौद्ध लिहिला म्हणून तो नाकारता येत नाही, १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतले बौद्ध त्या यादीत आलेले आहेत.

या सगळ्याचा पहिला कागद मृत्यू दाखला. नोंद २१ दिवसांच्या आत करायची, आणि जिथे मृत्यू झाला तिथे. डोंगरीचा माणूस मुंबईतल्या रुग्णालयात गेला तर दाखला मुंबई महापालिकेचा, मीरा-भाईंदरचा नव्हे. त्यावरचे नाव आधार आणि पासबुकाशी अक्षरन् अक्षर जुळते का, ते नोंद करतानाच तपासा.