सिवि राजाचे नेत्र आणि स्वच्छमंडलाचे रोपण : दानानंतरचा इतिहास

नेत्रदानाच्या प्रचारासाठी निघणाऱ्या पत्रकांत आणि विहारांतील व्याख्यानांत सिवि जातकाचा उल्लेख नेमाने होत असतो. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु काही वक्ते त्याही पुढे जाऊन, डोळा काढून दुसऱ्यास बसविण्याची शस्त्रक्रिया बौद्ध भारतात प्रचलित होती, असे ठामपणे सांगतात. या विधानास पालि वाङ्मयात आधार नाही. ज्या परंपरेने ‘एहिपस्सिको’ हा शब्द आपणांस दिला, तिच्या अनुयायांनी तरी पुराणमतवाद्यांच्या पुष्पक विमानाशी स्पर्धा करू नये, असे आम्हांस वाटते. जातक काय सांगते आणि वैद्यकाचा इतिहास काय सांगतो, हे दोन्ही वेगवेगळे तपासले, तर त्यांतून अधिक उपयोगाचे असे काही हाती लागते.

जातकट्ठकथेतील ४९९ वी कथा ती ही. चरियापिटकातही सिविराजाची चर्या आली असून, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात नेत्रदानाचा प्रसंग चितारलेला आहे. (कबुतरासाठी मांस देणारा शिबी निराळा. तो १ क्रमांकाच्या लेण्यात आहे. या दोन कथांची गल्लत वारंवार होते.) अरिट्ठपुरचा राजा सिवि बाह्य वस्तूंच्या दानाने तृप्त होत नाही. कोणी मागेल तर स्वतःचे शरीर द्यावे, असा संकल्प तो करतो. शक्र आंधळ्या ब्राह्मणाच्या रूपाने येऊन एक डोळा मागतो, तेव्हा राजा दोन्ही देऊ करतो. नगरजन आणि सेनापती विनवतात, की धन द्या, डोळे देऊ नका. राजा ऐकत नाही. मग सीवक नावाच्या राजवैद्यास पाचारण होते.

या सीवकाकडे विद्वानांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो शस्त्र लावीत नाही. औषधी चूर्ण नीलकमलावर घेऊन ते डोळ्यास लावतो. पहिल्या वेळी डोळा फिरतो, दुसऱ्या वेळी खोबणीतून सुटतो, तिसऱ्या वेळी बाहेर येऊन केवळ स्नायूच्या आधाराने लोंबू लागतो. प्रत्येक वेळी वैद्य थांबतो आणि म्हणतो, महाराज, अजून विचार करा, मी डोळा पूर्ववत करू शकेन. असह्य वेदनेतही राजा त्यास पुढे जाण्यास सांगतो. देणाऱ्याची संमती एकदा घेऊन भागत नाही, ती पायरीपायरीने पुन्हा विचारावी लागते, हे भान या कथाकाराला आहे. नंतर ब्राह्मण तो डोळा आपल्या खोबणीत ठेवतो आणि तो उमललेल्या नीलकमलासारखा तेथे शोभू लागतो. एवढ्याने ग्रहणकर्त्याची हकिकत संपते. तो नगरातून निघून जातो, आणि कथा पुन्हा राजाकडे वळते. घेणाऱ्याच्या डोळ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न कथेला पडत नाही. पडण्याचे कारणही नाही, कारण तो शक्र होता.

हे शस्त्रक्रियेचे वर्णन नव्हे, दानपारमितेचे आहे. पालि आचार्यांना डोळ्याची रचना ठाऊकच नव्हती, असे मात्र समजू नये. अट्ठसालिनीत बुद्धघोषांनी ‘ससंभारचक्खु’, म्हणजे मांसाचा दिसणारा डोळा, आणि ‘पसादचक्खु’, म्हणजे रूप ग्रहण करणारा संवेदनशील भाग, असा भेद केला आहे. उवेच्या डोक्याएवढा तो प्रसाद, कापसाच्या सात पदरांत तेल झिरपावे तसा डोळ्याची सात पटले व्यापून असतो, असे ते म्हणतात. त्यांचे शरीरशास्त्र आज टिकणारे नाही. परंतु गोलक म्हणजे दृष्टी नव्हे, हा त्यांचा विवेक मात्र टिकतो. संपूर्ण डोळ्याचे मनुष्यावर पहिले रोपण २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये झाले. त्या डोळ्यात रक्तप्रवाह सुरू राहिला, पण दृष्टी आली नाही, कारण डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी मज्जा जोडणे अद्याप साधलेले नाही.

वैद्यकाला जे साधले ते याहून लहान आहे, आणि म्हणूनच साधले. डोळ्याच्या दर्शनी भागी, बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखे बसलेले पारदर्शक आवरण असते. ते स्वच्छमंडल, ज्यास डॉक्टर कॉर्निया म्हणतात. जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पूर्वी देवीच्या साथींत ते पांढरे पडे; आजही जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावात, भाताचे पाते किंवा काडी लागून झालेल्या जखमेत ते पांढरे पडते. त्यालाच आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात. मागचा डोळा शाबूत असूनही मनुष्य आंधळा होतो. नेत्रदानातून बदलता येते ती ही काच. दृष्टिपटल किंवा मज्जा निकामी झालेल्यास तिचा उपयोग नाही, हे आमच्या कित्येक प्रचारकांना अजून सांगावे लागते.

एकोणिसाव्या शतकात हे काम प्राण्यांच्या डोळ्यांनी करून पाहिले गेले. जर्मन वैद्य फ्रांझ रायझिंगर यांनी १८२४ साली या क्रियेस ‘केराटोप्लास्टी’ हे नाव दिले. आयर्लंडचे सॅम्युएल बिगर यांनी एका हरिणाचे स्वच्छमंडल दुसऱ्या हरिणास बसवून १८३७ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अमेरिकेत रिचर्ड किसम यांनी १८३८ साली डुकराचे स्वच्छमंडल एका मनुष्यास लावले. ते लवकरच धूसर झाले. आर्थर फॉन हिपेल यांनी घड्याळाच्या यंत्रासारख्या कळीवर फिरणारे गोल पाते बनविले, तेव्हा काप तरी नेमका होऊ लागला.

७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स या गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी पहिले यशस्वी मानवी रोपण केले. रुग्ण होता एक मजूर, त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले. दाता एक अकरा वर्षांचा मुलगा, ज्याच्या डोळ्यात लोखंडाचे कण घुसल्याने तो डोळा काढावाच लागणार होता. एकाच डोळ्यातून झिर्म यांनी दोन चकत्या घेतल्या आणि मजुराच्या दोन्ही डोळ्यांस लावल्या. त्यांतील एक फसली. दुसरी स्वच्छ राहिली आणि तो मजूर पुन्हा कामावर गेला.

वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत दुसऱ्या डोळ्याचा गौरव होतो. आमचे लक्ष मात्र फसलेल्या डोळ्याकडे जाते. तोच दाता, तोच रुग्ण, तोच शल्यवैद्य, तोच दिवस, आणि तरीही एक काच जगली, एक मेली. चुन्याने भाजलेला डोळा रोपणास सर्वांत प्रतिकूल असतो. स्वच्छमंडलाच्या काठावरील मूळ पेशी जळून गेल्या, तर नवी काच बसवूनही वरचा थर पुन्हा भरत नाही, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. झिर्म यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी खेळता खेळता फुटून लहान मुलांचे डोळे आजही याच रीतीने जातात.

पुढचा प्रश्न होता दाते आणायचे कोठून. जिवंत माणसाचा काढून टाकावा लागणारा डोळा ही योगायोगाची गोष्ट. ओदेसा येथे व्लादिमिर फिलाटोव्ह यांनी १९३१ पासून मृतांच्या, थंड जागी जपलेल्या डोळ्यांतील स्वच्छमंडल वापरून हा मार्ग मोकळा केला. न्यूयॉर्कमध्ये टाउनली पेटन यांनी सिंग सिंग तुरुंगात देहान्त शासन झालेल्या कैद्यांचे डोळे वापरले, आणि १९४४ साली तेथेच पहिली नेत्रपेढी उभी राहिली. फाशीच्या कोठडीतील संमतीला संमती म्हणावे काय, असा प्रश्न सीवकाने निश्चित केला असता. भारतात १९४५ साली मद्रास येथे पहिली नेत्रपेढी सुरू झाली आणि तेथेच डॉ. मुथय्या यांनी १९४८ साली रोपण केले. इंदूरचे डॉ. धांडा यांचे कार्य १९६० चे. मुंबई राज्याने १९५७ साली स्वच्छमंडल-रोपणाचा कायदा केला. देशभरासाठीचा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे.

काच मिळू लागली, तरी ती टिकेना. आरंभी स्वच्छ असलेली काच काही आठवड्यांनी वा महिन्यांनी अकस्मात धूसर होई. फ्रान्समध्ये १९४८ साली यास ‘कलमाचा रोग’ असे नाव मिळाले. अमेरिकेत मॉमेनी यांनी १९५१ साली सशांवर प्रयोग करून दाखविले, की दात्या सशाचे कातडे ग्राहक सशास आधी लावले, तर त्याच दात्याची काच पुढे गढूळ होते. म्हणजे देहाने परक्याला ओळखून ठेवलेले असते. १९६९ साली खोदादूस्त आणि सिल्व्हरस्टाइन यांनी या नकाराचे रूप थरांनुसार वेगळे केले. आतल्या थरावर, काठाकडून मध्याकडे सरकत जाणारी एक बारीक रेषा दिसते. ती रेषा म्हणजे ग्राहकाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची आघाडी, आणि तिच्या मागे दात्याच्या मेलेल्या पेशी असतात. माणसात या आतल्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. काचेतील पाणी सतत उपसून टाकण्याचे काम त्यांचे. त्या गेल्या की काच फुगते आणि पांढरी होते.

स्टेरॉइडच्या थेंबांनी १९५० च्या दशकापासून हा नकार आवरता येऊ लागला. पण औषधालाही किंमत आहे. दीर्घकाळ घेतलेल्या थेंबांनी डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू होतो, जंतुसंसर्गास वाव मिळतो. केसाहून बारीक नायलॉनचे टाके कित्येक महिने, काही वेळा वर्षाहून अधिक काळ डोळ्यात राहतात. एखादा सैल झाला की तेथे जंतूंचे घर होते. टाक्यांच्या असमान ताणाने काचेचा घाट बिघडतो, तेव्हा काच स्वच्छ असूनही दिसते ते वेडेवाकडे. जोड पूर्वीइतका बळकट कधीच होत नाही. वर्षानुवर्षांनी लागलेल्या एका ठोशानेही तो उसवू शकतो. नेदरलँड्सचे मेलेस यांनी १९९८ पासून केवळ आतला थर बदलण्याच्या पद्धती विकसित केल्या, त्यामुळे आतल्या थरापुरत्या आजारात टाके आणि नकार हे दोन्ही धोके पुष्कळ घटले. सर्व जाडीचे व्रण ज्यांच्या डोळ्यात आहेत, त्यांना त्याचा लाभ नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवावेत. ऑस्ट्रेलियातील रोपणांच्या राष्ट्रीय नोंदीनुसार पूर्ण जाडीच्या काचा पाच वर्षांनी सुमारे ७३ टक्के टिकल्या होत्या. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९७ साली आपल्या सतराशेहून अधिक रोपणांचा हिशेब प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला. तेथे पहिल्या वर्षाअखेर सुमारे ८०, आणि पाच वर्षांनी सुमारे ४६ टक्के. काच शंकूसारखी पुढे येण्याच्या आजारात मात्र तेथेही ९५ टक्के टिकल्या, आणि आधी एकदा फसलेल्या डोळ्यात केवळ २१. म्हणजे हातात कौशल्य होते. आलेले डोळेच अधिक उद्ध्वस्त होते. त्यात नकाराची लक्षणे दिसताच गाव सोडून शहर गाठायचे, तर रोजंदारी बुडते, एसटीचे भाडे लागते, सोबतीस माणूस लागतो. शेतमजूर दोन दिवस वाट पाहतो. त्या दोन दिवसांत ती रेषा पुढे सरकलेली असते.

बौद्ध देशांत या दानाची चळवळ खऱ्या अर्थाने रुजली ती श्रीलंकेत. हडसन सिल्वा या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १९५८ साली वृत्तपत्रातून आवाहन केले, ‘मेल्यावर डोळे द्या’. १९६१ साली श्रीलंका नेत्रदान संस्था उभी राहिली आणि १९६४ साली तेथून पहिले डोळे सिंगापूरला गेले, बर्फ घातलेल्या थर्मासमधून. तेव्हापासून त्या लहान द्वीपाने साठ हजारांहून अधिक स्वच्छमंडले परदेशांस दिली. माजी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने १९९६ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे डोळे जपानमध्ये गेले. या चळवळीमागे सिवि जातकाची प्रेरणा होती, हे सर्वमान्य आहे. एका कथेने एवढे घडवावे, ही पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती सांगण्यासाठी प्राचीन शस्त्रक्रियेची थाप मारण्याची गरज नाही.

मात्र सिवि जातक देणाऱ्याला जितके बळ देते, तितके घेणाऱ्याला देत नाही. त्यासाठी पालि साहित्यात दुसरीकडे पाहावे लागते. विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खंधकात, अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्षूस तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढल्याची हकिकत आहे. तेथेच सुखाने शुश्रूषा करता येण्याजोग्या रुग्णाची पाच लक्षणे येतात. तो पथ्याचे करतो, पथ्यातही प्रमाण जाणतो, औषध घेतो, वेदना सोसतो, आणि आजार वाढत असल्यास वाढतो आहे, उतरत असल्यास उतरतो आहे, स्थिर असल्यास स्थिर आहे, असे शुश्रूषा करणाऱ्यास जसे आहे तसे सांगतो. रोपण झालेल्यास याहून नेमकी सूचना आजचा नेत्रवैद्यही देऊ शकणार नाही. लाली, उजेड सहन न होणे, दिसणे मंदावणे, दुखणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी सांगायचे. शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणेही तेथे आहेत. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य ओळखणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे ही त्यांतील काही.

सांगायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या पंधरवड्यात नेत्रदानाचे अर्ज भरून घेतले जातात. त्या अर्जांच्या वह्या आम्ही अनेक विहारांत पाहिल्या आहेत, नीट बांधलेल्या, अक्षर सुंदर. आपल्या वस्तीत रोपण झालेले कोण आहेत, त्यांचे थेंब संपत आले काय, पुढच्या तपासणीस त्यांच्याबरोबर कोण जाणार, याची वही आम्हांस अद्याप कोठे दिसलेली नाही.