वयांची कोडी

वयांची कोडी : दिलेल्या अटींवरून एका वा अनेक व्यक्तींची वये शोधून काढावयाच्या प्रश्नांना ही संज्ञा लावतात. रंजक गणितातील हा एक जुना प्रकार होय. वय पूर्ण वर्षांत सांगण्याचा प्रघात आणि मानवी आयुष्याची मर्यादा या दोन गोष्टी अशा कोड्यांत बहुधा गृहीत असतात. त्यामुळे समीकरणे अपुरी पडली, तरी संख्यांचे अवयव पाडून व अशक्य पर्याय गाळून उत्तर मिळविता येते.

सर्वांत प्रसिद्ध प्राचीन कोडे ग्रीक गणिती डायोफँटस याच्या आयुष्याविषयीचे आहे. मेट्रोडोरसच्या नावाशी निगडित असलेल्या पद्यमय कोड्यांपैकी ते एक असून ‘ग्रीक अँथॉलॉजी’ या संग्रहाच्या चौदाव्या भागात आढळते. आयुष्याचा सहावा भाग बाल्यात, बारावा भाग पौगंडावस्थेत व सातवा भाग त्यानंतर विवाह होईपर्यंत गेला. पुढे ५ वर्षांनी पुत्र झाला. तो पित्याच्या निम्मे आयुष्य जगला व त्याच्यामागून ४ वर्षांनी पिता निवर्तला, असे त्यात म्हटले आहे. वय पूर्णांकी मानल्यास त्यास ६, १२ व ७ यांनी भाग गेला पाहिजे. यांचा ल. सा. वि. ८४ असून त्यापुढील १६८ हे वय संभवत नाही. १४ + ७ + १२ + ५ + ४२ + ४ = ८४ असा पडताळाही मिळतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) इष्टकर्म म्हणून जी रीत येते, तिने ८४ ही इष्ट राशी घेतली, तर अपूर्णांकांचे भाग वजा जाता ९ उरतात व तेच ५ आणि ४ यांची बेरीज असल्याने पूर्णांकांचे गृहीतही लागत नाही. डायोफँटसच्या चरित्राचा पुरावा म्हणून मात्र या पद्यावर विसंबणे धाडसाचे ठरेल.

पूर्णांकांचे गृहीत सर्वत्र चालत नाही, हे ॲल्क्विन (मृत्यू ८०४) याच्या नावे चालत आलेल्या संग्रहातील कोड्यावरून दिसते. एक वृद्ध मुलाला आशीर्वाद देतो : आजवरच्या वयाइतका आणखी जग, त्या एकूण वयाइतका पुन्हा जग, मग त्याची तिप्पट होवो व माझे एक वर्ष तुला मिळून शंभर पुरी होवोत. वयाची बारापट ९९ होत असल्याने मुलाचे वय ८ वर्षे ३ महिने येते.

अमेरिकेत १९०३ मध्ये एका कोड्याने वृत्तपत्रांच्या वाचकांना वेड लावले. मेरी २४ वर्षांची आहे. ॲनच्या आजच्या वयाची मेरी होती, तेव्हा ॲनचे जे वय होते, त्याच्या दुप्पट आज मेरीचे वय आहे. तर ॲन किती वर्षांची? उत्तर १८. अवघड आहे ती वाक्यरचना. गणित सोपेच आहे.

विसाव्या शतकात रूढ झालेल्या एका प्रकाराने मात्र मूलभूत बदल घडविला. तीन मुलींच्या वयांचा गुणाकार ३६ असून बेरीज समोरच्या घराच्या क्रमांकाएवढी आहे, असे पिता गणना करणाऱ्यास सांगतो. क्रमांक पाहूनही त्याला उत्तर सांगता येत नाही. थोरली पियानो वाजवते, हे कळताच तो वये सांगतो. ३६ चे तीन अवयवांत आठ प्रकारे विघटन होते. त्यांच्या बेरजा ३८, २१, १६, १४, १३, १३, ११ व १० अशा येतात. १३ ही एकच बेरीज दोनदा येते (१, ६, ६ व २, २, ९). म्हणजे ‘सांगता येत नाही’ हा कबुलीजबाबच येथे माहितीचे काम करतो. थोरली एकच असल्याने ९, २, २ हे उत्तर धरतात. यावर आक्षेप घेता येतो : जुळ्यांतही एक थोरली असतेच, शिवाय अकरा महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या दोघी काही दिवस एकाच वयाच्या असतात. आक्षेप रास्त आहे. गुणाकार २४५० असलेला भेद या दोषापासून मुक्त आहे. त्यात तिघांच्या वयांची बेरीज श्रोत्याच्या वयाच्या दुप्पट असते. ५, १०, ४९ व ७, ७, ५० या दोन्ही त्रिकुटांची बेरीज ६४ येत असल्याने ३२ वर्षांचा श्रोता अडतो. विचारणारा आपण तिघांहून वयाने मोठे असल्याचे सांगतो व श्रोत्याला तेवढ्याने उत्तर सापडते. हे घडण्यास विचारणाऱ्याचे वय ५० च असावे लागते. ते ५१ वा अधिक असते, तर संदिग्धता तशीच राहिली असती.

हान्स फ्रॉइडेंटाल या डच गणितज्ञांनी १९६९ मध्ये हे तत्त्व वयांपासून सोडवून शुद्ध संख्यांना लावले. एकाला दोन संख्यांची बेरीज व दुसऱ्याला गुणाकार ठाऊक असून दोघे केवळ आपल्या ज्ञानाविषयी बोलतात. संख्या ४ व १३ निघतात. २०१५ मध्ये सिंगापूरच्या एका स्पर्धेतील वाढदिवसाचे कोडे जगभर गाजले. त्याचे अधिकृत उत्तर १६ जुलै होते, परंतु अनेकांनी १७ ऑगस्ट हे उत्तर काढले. पहिल्या पात्राला दुसऱ्याचे अज्ञान स्वतःच्या तर्काने कळले, की ते त्याला आधीच सांगितले होते, एवढ्या एका प्रश्नावर हा वाद उभा होता.