छपरावरची कामे : धोका, दक्षता आणि कायदा

मृग नक्षत्र जवळ आले, की बुलडाणा जिल्ह्यातील मोताळा परिसरात छपरांच्या डागडुजीची लगबग सुरू होते. कवेलू फेरणे, गळके पत्रे बदलणे, गोदामांच्या पन्हाळी साफ करणे ही कामे पावसाआधीच उरकावी लागतात. काम तासा-दोन तासांचे, म्हणून ना परांची बांधली जाते, ना मजुराच्या अंगाला दोर असतो. वास्तविक तीन मीटरवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात, ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सावरण्यास अवधीच मिळत नाही.

अपघाताची कारणे

सिमेंटचा जुना पत्रा वरून भक्कम दिसतो. मात्र ऊन-पावसाने ठिसूळ झालेला असल्यास माणसाच्या भाराने अचानक फुटतो. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे धूळ साचल्यावर ओळखूही येत नाहीत. बोल्टच्या रांगेवरून चालणेही सुरक्षित नव्हे. तोल गेला, की पाय पत्र्यावर पडतोच.

घ्यावयाची दक्षता

* पत्र्याखालील किमान दोन आधारांवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकूनच वावरावे.
* शिडीचा पाया चार मीटर उंचीस एक मीटर या प्रमाणात भिंतीपासून दूर असावा. वरचे टोक कडेच्या मीटरभर वर ठेवून बांधावे.
* सुरक्षा पट्ट्याचा दोर भक्कम आधारास बांधावा, पन्हाळीस कदापि नाही.
* पडलेल्या व्यक्तीस उठवून बसवू नये. मान व पाठ न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कायद्याचे संरक्षण

उंचीवरील कामगारास कठडा वा अन्य संरक्षण देण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३२ ने मालकावर टाकली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्ती व देखभालीची कामेही आपल्या कक्षेत घेतली. हे कायदे, तसेच १९२३ चा नुकसानभरपाई कायदा, आता २०२० च्या कामगार संहितांमध्ये समाविष्ट झाले असून, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत.

तथापि, एका दिवसासाठी बोलावलेल्या मजुराचे नाव बहुधा कोणत्याच हजेरीपत्रकावर नसते. अपघातानंतर तो कोणाच्या कामावर होता, हेच सिद्ध करणे कुटुंबीयांना जड जाते. वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करणे म्हणूनच अगत्याचे ठरते. काम देणाऱ्यानेही त्याचे नाव व मजुरी लिहून ठेवावी आणि शिडी लावण्यापूर्वी दोराची सोय करावी.